कविता छापा, मग प्रश्न विचारा

बडोद्यातल्या पालकांशी मुलांच्या इंग्रजीविषयी बोलायला बसले की हल्ली एकच सूर लागतो. मुलाला फाडफाड बोलता आले पाहिजे, अर्ज लिहिता आला पाहिजे, मुलाखतीत ततपप होता कामा नये. किट्स आणि टेनिसन कशाला हवेत? मराठी घरांत हा प्रश्न जरा जास्तच जोरात विचारला जातो. दांडिया बाजारातले किंवा रावपुऱ्यातले मूल घरी मराठी बोलते, दाराबाहेर पाऊल टाकले की गुजराती, शाळेत इंग्रजी, आणि हिंदी तर कुणी न शिकवताच येते. एवढ्या भाषा सांभाळणाऱ्या मुलाने दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज कवीवर विश्लेषणात्मक निबंध लिहीत बसावे, हे आईवडिलांना वेळ घालवणे वाटते. मी या शहरात इंग्रजी शिकवते आणि माझे मत नेमके उलटे आहे. हा सराव बंद करू नये. तो आणखी लहान वयात, आणखी वारंवार व्हावा. पण तो आज ज्या रीतीने चालतो त्या रीतीने चालणार असेल, तर पालकांचे म्हणणे खरे आहे. शाळा-कॉलेजांत आज सराव होतो तो दुसऱ्याने लिहिलेला निबंध आठवण्याचा.

बारावीचेच उदाहरण घेते. सीबीएसईच्या ‘फ्लेमिंगो’ या पुस्तकात किट्सच्या ‘एन्डिमियन’ या 1818 साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकाव्याचा सुरुवातीचा भाग ‘अ थिंग ऑफ ब्यूटी’ या नावाने वर्षानुवर्षे मुलांच्या वाट्याला आलेला आहे. कवितेखाली प्रश्न आहेत: कवितेत आलेल्या सुंदर गोष्टींची यादी करा, दुःख देणाऱ्या गोष्टींची यादी करा. मुले इमानदारीने यादी करतात. सूर्य, चंद्र, झाडे, मेंढ्या, डॅफोडिल, झरे, रानगुलाब. मग क्लासमधून मिळालेले दोन परिच्छेद येतात: कवी सौंदर्याचा उपासक होता, तो क्षयाने पंचविसाव्या वर्षी रोममध्ये वारला, सौंदर्य चिरंतन असते. सगळे खरे, आणि त्यातले एकही वाक्य लिहिण्यासाठी कविता उघडून बघावी लागत नाही.

आता त्याच ओळी नीट बघू. झाडे सुंदर आहेत असे किट्स नुसते म्हणत नाही. ती मेंढ्यांसाठी सावली धरतात असे म्हणतो. झरे सुंदर आहेत, पण ते उन्हाळ्याच्या तापापासून स्वतःसाठी थंड आडोसा करून घेतात. आणि या सगळ्याच्या आधी, अगदी सुरुवातीला, सुंदर वस्तू आपल्यासाठी एक शांत लताकुंज राखून ठेवते, गाढ झोप देते, आरोग्य देते, संथ श्वास देते, असे तो सांगून चुकलेला आहे. म्हणजे या ओळींतले सौंदर्य बघण्यापेक्षा आसरा घेण्यासाठी जास्त आहे. हे मला विद्यार्थ्याकडून हवे आहे: एक म्हणणे, ज्याच्याशी वाद घालता येईल. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत चालत गेलेल्या मुलाला ‘सावली’ हा शब्द इंग्लंडातल्या मुलापेक्षा जास्त कळतो. उन्हापासूनचा आडोसा ही या कवितेतली किरकोळ सजावट नाही, हे त्याच्या पटकन लक्षात येऊ शकते. फक्त त्याला कुणी विचारले पाहिजे.

पण म्हणणे मांडले की काम संपत नाही, खरे तर तिथे सुरू होते. कारण त्याच यादीत पुढे थोर मृतांसाठी आपण कल्पिलेल्या भव्य अंताचा उल्लेख येतो. सुंदर गोष्टींच्या यादीत मरण कसे आले? ते आसऱ्याच्या कल्पनेत बसते का? आणि शेवटी स्वर्गाच्या काठावरून आपल्यावर ओतले जाणारे अमृतपेय येते. ते तर सावली नव्हे, आडोसा नव्हे. मग आपले म्हणणे मोडले की वाढवावे लागले? एक हुशार मुलगी म्हणेल की पहिल्या भागात सौंदर्य ऊन अडवते आणि शेवटच्या भागात तहान भागवते, म्हणजे कविता संरक्षणाकडून पोषणाकडे जाते. दुसरा म्हणेल की छे, मृतांची ओळ या मांडणीत बसतच नाही आणि म्हणूनच ती महत्त्वाची. दोघेही निबंध लिहीत आहेत. यादी करणारा लिहीत नाही.

रचनेकडे बघा. यमक दोन-दोन ओळींचे आहे, पण वाक्य यमकापाशी थांबत नाही, पुढच्या ओळीत वाहत जाते. मधे निराशा, उदार मनाच्या माणसांचा दुष्काळ, काळवंडलेले दिवस, अंधारलेल्या वाटा अशी दुःखांची रांग लागते, आणि हे सगळे एकाच वाक्यात, पूर्णविराम न देता. वाचणाऱ्याचा श्वास संपत येतो आणि मग ‘यस, इन स्पाइट ऑफ ऑल’ (हो, हे सगळे असूनही) येते. ते ‘यस’ मोठ्याने वाचून बघा. दुःखाला स्वतःचे वेगळे वाक्य किट्सने दिलेले नाही. ज्या वाक्यात ते सुरू झाले त्याच वाक्यात सौंदर्य येऊन ते पुरे करते. ‘दुःखाच्या गोष्टींची यादी करा’ या प्रश्नाने नेमकी हीच गोष्ट कापून टाकली जाते.

पाठांतराची ही तक्रार बडोद्यात नवी नाही. अरविंद घोष 1893 ते 1906 या काळात बडोद्यात होते आणि त्यातली बरीच वर्षे बडोदा कॉलेजात शिकवत होते. आज एम. एस. युनिव्हर्सिटीची कला शाखा ज्या मोठ्या घुमटाखाली भरते, तेच ते कॉलेज. त्या वेळी ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. पुढे पाँडिचेरीत या दिवसांविषयी बोलताना त्यांनी सांगितले की विद्यार्थी प्राध्यापकाचा शब्द न् शब्द उतरवून घेत आणि पाठ करत, याचे त्यांना आश्चर्य वाटे. इंग्लंडात असे कधी घडले नसते. साउदीने लिहिलेल्या नेल्सनच्या चरित्रावर ते एकदा व्याख्यान देत होते, तेव्हा मुलांनी हरकत घेतली की तुम्ही सांगता ते नोट्सशी जुळत नाही. मी नोट्स वाचलेल्याच नाहीत, आणि त्या बहुतेक टाकाऊच असतात, असे त्यांचे उत्तर होते. मुंबईच्या परीक्षक प्राध्यापकांच्या नोट्स मिळवण्याची धडपडही त्यांनी पाहिली होती. सव्वाशे वर्षांनंतर त्या नोट्सच्या जागी गाईड आले, मग झेरॉक्स, मग पीडीएफ.

त्यांच्या पाटकर नावाच्या एका विद्यार्थ्याची आठवण मला याहून मोलाची वाटते. पाटकरांना मेकॉले या इंग्रज लेखकाच्या शैलीची भुरळ पडली होती. इंग्रजी सुधारण्यासाठी मेकॉले वाचू का, असे त्यांनी विचारले. अरविंदांनी सांगितले ते असे: कुणाचे गुलाम होऊ नका, मेकॉले वाचून तुम्ही मेकॉले होणार नाही, त्याचा क्षीण प्रतिध्वनी व्हाल, कुठलाही चांगला लेखक काळजीपूर्वक वाचा, पण विचार स्वतः करा, मत स्वतः बनवा आणि लिहिण्याची सवय लावा. एका मराठी मुलाला बडोद्यात मिळालेला हा सल्ला. आपल्या शहरातल्या प्रत्येक इंग्रजीच्या वर्गात तो लागू होतो, आणि त्यातला शेवटचा भाग, सवयीचा, आपण सगळ्यात कमी मनावर घेतला आहे. निबंधाचा सराव म्हणजे परीक्षेच्या आधी महिनाभर वीस निबंध पाठ करणे, असा अर्थ रूढ झाला आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. इंग्रजी वाङ्मय हा विषय आपल्याकडे आला तो राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी. हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या, त्याच मेकॉलेच्या 1835 च्या टिपणाचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मयाला अभ्यासक्रमात जागा मिळण्याआधी ते हिंदुस्थानात शिकवले जात होते, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मग आज, स्वतंत्र देशात, आपली मुले त्या ओळींचा कीस का काढत बसली आहेत?

माझे उत्तर असे की कीस काढत नाहीत, हीच तर अडचण आहे. मान डोलावतात. टेनिसनची ‘चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ ही कविता घ्या. 25 ऑक्टोबर 1854 ला क्रीमियात बालाक्लाव्हाच्या लढाईत चुकीच्या हुकमामुळे घोडदळाची एक तुकडी तोफांच्या तोंडी गेली. डिसेंबरात टेनिसनची कविता वर्तमानपत्रात छापून आली. तो तेव्हा राजकवी होता. आपल्या मुलांना यातून शिकवले जाते ते शौर्य आणि आज्ञापालन. पण जो विद्यार्थी विश्लेषण करायला शिकला आहे तो विचारेल: कुणाची तरी चूक झाली, असे कवी म्हणतो, पण कुणाची ते का सांगत नाही? ‘हाफ अ लीग, हाफ अ लीग’ हा ठेका घोड्याच्या टापांसारखा पुढे पुढे ढकलत राहतो. सैनिकाने ‘का’ विचारायचे नाही, आणि या लयीत वाचकालाही ‘का’ विचारायला उसंत मिळत नाही. छंद इथे युक्तिवादाचे काम करतो. टेनिसनने 1855 च्या आवृत्तीत ती चुकीबद्दलची ओळ काढून टाकली होती आणि पुढे परत घातली, हे कळले की प्रश्न आणखी धारदार होतो. साम्राज्याच्या कवितेशी दोन हात करायचे असतील तर ती कशी बांधली आहे हे सांगता आले पाहिजे. कविताच अभ्यासक्रमातून काढून टाकली तर ते कधीच सांगता येणार नाही. गाईड पाठ केले तरी नाही.

आणि हे परके शास्त्र आहे असे तरी कुणी सांगितले? कालिदासाच्या काव्यांवर टीका, म्हणजे अर्थ उलगडणारे भाष्य, लिहिताना मल्लिनाथाने स्वतःला एक नियम घालून घेतला: ‘नामूलं लिख्यते किञ्चिन्नानपेक्षितमुच्यते.’ मुळात आधार नसलेले काही लिहायचे नाही आणि गरज नसलेले काही बोलायचे नाही. इंग्रजी कवितेवरच्या निबंधाला याहून नेमकी कसोटी मी कुठल्याही परदेशी पुस्तकात पाहिलेली नाही. किट्सच्या उत्तरातला रोममधला मृत्यू या कसोटीवर लगेच बाद होतो. आता एखाद्या मुलाने लिहिले, की भाऊ आजारी असताना आणि स्वतः वैद्यकाचे शिक्षण घेतलेले असताना हा कवी सौंदर्याकडून ‘आरोग्य’ आणि ‘संथ श्वास’ मागतो, तर चरित्रातला तपशील ओळीला येऊन भिडला. तो राहू द्यावा. तपशील तोच, फरक इतकाच की तो एका ओळीचा अर्थ उघडतो की जागा भरतो.

बडोद्याला तर यात विशेष अभिमान वाटावा असे आहे. गायकवाड ओरिएंटल सिरीजचा पहिला ग्रंथ 1916 साली निघाला तो राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. सयाजीरावांच्या राज्याने जुन्या पोथ्या छापायचे मनावर घेतले आणि सुरुवात केली ती कवी आणि वाचक कसे घडतात याची चर्चा करणाऱ्या ग्रंथाने. राजशेखर प्रतिभा दोन प्रकारची मानतो: कारयित्री, जी काव्य निर्माण करते, आणि भावयित्री, जी ते समजून घेते. समजून घेणाऱ्यालाही प्रतिभा लागते, असे तो ठामपणे म्हणतो. मग समजून घेणाऱ्यांचे चार प्रकार सांगतो. ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी. जो गवतासकट सगळे गिळतो तो सतृणाभ्यवहारी. जो मत्सराने गुण बघतच नाही तो मत्सरी. आणि जो तत्त्वापर्यंत पोचतो तो तत्त्वाभिनिवेशी, हजारात एखादाच. आपली परीक्षापद्धती सतृणाभ्यवहारी घडवते. कवी अभ्यासक्रमात आहे म्हणजे थोर, ओळ पुस्तकात आहे म्हणजे सुंदर, उपमा आहे म्हणजे परिणामकारक. ‘ही उपमा इथे फसली आहे’ असे लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात, मग त्याने कारण कितीही चांगले दिलेले असो. निबंधाचा सराव हवा तो या गिळण्याच्या सवयीवर उतारा म्हणून.

बडोद्यातच जन्मलेल्या कवी माधव जूलियनांनी मराठी छंदांवर ‘छंदोरचना’ लिहिली. केशवसुतांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, मराठीत आणले. हे लोक इंग्रजी कविता नुसती आवडून थांबले नाहीत. ती कशी चालते हे त्यांनी खोलून पाहिले, म्हणून त्यांना मराठीत काही नवे करता आले. मात्रा मोजणाऱ्या घरातल्या मुलाला इंग्रजी आघातांची लय शिकवायला एक तास पुरतो. तो तास कुणी देत नाही.

नोकरीच्या प्रश्नाला बगल द्यायची नाही. कवितेवरचा निबंध लिहायला शिकलेला मुलगा पुढे करारातले कलम, डॉक्टरांचा अहवाल, सरकारी परिपत्रक जास्त नीट वाचतो, असे मला मनापासून वाटते, कारण दोन्हीकडे काम एकच: कागदावर काय आहे आणि आपण काय धरून चाललो आहोत हे वेगळे करणे. पण या फायद्यासाठी कविता शिकवा असे मी म्हणणार नाही. तेवढ्यासाठी परिपत्रकच शिकवता येईल. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मरण, सौंदर्य, अधिकार, एकटेपणा याविषयी नेमकेपणाने बोलण्याची संधी दिवसाच्या वेळापत्रकात दुसऱ्या कुठल्याही तासाला मिळत नाही, हे माझे खरे कारण आहे.

मग बदलायचे काय? पहिली गोष्ट प्रश्नपत्रिकेची. उताऱ्यावरच्या प्रश्नात चार-सहा ओळी छापतात, पण मोठ्या उत्तराच्या प्रश्नात फक्त कवितेचे नाव असते. कॉलेजात तर ‘क्रिटिकली अ‍ॅप्रिशिएट’ म्हणून एका ओळीत मोकळे होतात. कविता समोर नसताना विश्लेषण करायचे म्हणजे स्मरणशक्तीचीच परीक्षा. त्यात गाईड जिंकणार हे ठरलेले. अख्खी कविता प्रश्नपत्रिकेत छापा. एक कागद वाढेल. आणि त्यातली निदान एक कविता मुलांनी कधीच न पाहिलेली असू द्या. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकांनी 1920 च्या दशकात केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचे नाव आणि काळ न सांगता कविता वाटल्या आणि लिहायला सांगितले. इंग्रजी वातावरणात वाढलेल्या, निवडून घेतलेल्या त्या मुलांपैकी कितीकांना कवितेचा साधा सरळ अर्थही लागला नाही, आणि ठरावीक साच्यातल्या भावनाच कागदावर उतरल्या. 1929 साली त्यांनी हे सगळे छापले. आपली मुले इंग्रजीत कच्ची म्हणून त्यांना अनोळखी कविता देता येत नाही, असे जे शिक्षक म्हणतात त्यांनी हा प्रयोग आठवावा. अनोळखी कविता सगळ्यांनाच अवघड जाते, आणि म्हणून तिचाच सराव हवा.

दुसरी गोष्ट भाषेची. पहिला खर्डा मराठीत लिहू द्या. गुजराती मुलाला गुजरातीत. माझा अनुभव असा आहे की मुलाला मराठीत सुचलेला मुद्दा आणि त्याच मुलाने थेट इंग्रजीत लिहिलेला मुद्दा यांच्यात वयाची चार वर्षे असावीत इतका फरक पडतो. इंग्रजीत तो सोपे वाक्य सापडेल तिकडे वळतो, आणि सोपे वाक्य गाईडमध्ये आयतेच असते. मराठीत आधी भांडून घेतले, ‘मला हे पटत नाही, कारण तिसऱ्या ओळीत तो असे म्हणतो’ असे लिहून झाले, की इंग्रजीत काय न्यायचे ते ठरलेले असते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांना हे रुचणार नाही, पण विचार कुठल्या भाषेत झाला यावर गुण नसतात.

तिसरी गोष्ट लांबीची. आठवड्याला एक कविता, एक परिच्छेद, एक म्हणणे, दोन ओळींचा आधार, आणि त्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी एक ओळ शोधून तिचे काय करायचे ते सांगणे. शिक्षकाने त्या आठवड्यात एकच गोष्ट तपासावी. या खेपेला आधार, पुढच्या खेपेला विरोधी ओळ, त्यानंतर भाषा. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात लांबलचक निबंध तपासून होत नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि लांब निबंध दिले की मुले उतरवून आणतात हेही. परिच्छेद वर्गात लिहिला जातो, समोर बसून, वीस मिनिटांत. आता तर मोबाइलवर कुठल्याही कवितेचा गुळगुळीत निबंध दोन क्षणांत तयार मिळतो. त्याने घाबरून जाऊ नये. घरी लिहून आणायच्या लांब निबंधाचा खोटेपणा त्याने उघडा पाडला इतकेच. वर्गात लिहिलेल्या परिच्छेदाला आणि त्यावर उभे राहून दिलेल्या दोन मिनिटांच्या तोंडी उत्तराला त्याची झळ पोचत नाही.

आणि शेवटचे परीक्षकांसाठी. नमुना उत्तरात चार मुद्दे दिलेले असतात, प्रत्येकाला एक गुण. मुलाने पाचवा, वेगळा मुद्दा लिहिला की तो कुठेच बसत नाही. ही पद्धत असेपर्यंत बाकीच्या सुधारणा वाया जातील, कारण मुले आणि क्लासवाले गुणांच्या वाटेनेच चालणार, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. नमुना उत्तराच्या जागी परीक्षकाला तीन प्रश्न द्यावेत: म्हणणे वाद घालण्याजोगे आहे का, प्रत्येक विधानाखाली ओळीचा आधार आहे का, विरोधी पुरावा हाताळला आहे का. किट्सचे सौंदर्य म्हणजे आसरा, असे सिद्ध करणाऱ्या मुलीला आणि ते अजिबात आसरा नाही, असे सिद्ध करणाऱ्या मुलाला एकाच गठ्ठ्यात, एकाच परीक्षकाकडून पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. मंडळांनी आणि विद्यापीठाने एवढे जरी लेखी नियमात घातले, तरी पुढच्या सत्रापासून गाईडमधल्या त्या चार मुद्द्यांना कुणी विचारणार नाही.